आठव्या दिवसाची तपासणी

लस कुणी शोधली, कोणत्या साली आली, किती कोटी लोकांना दिली गेली, हे सगळं पुस्तकांत सापडतं. लस घेऊन माणूस घरी गेल्यावर त्याचा दंड किती दिवस दुखला, ताप उतरला तरी अंगातली कणकण का गेली नाही, पंधरा दिवसांनी गुडघ्यात नवीनच काय सुरू झालं, हे मात्र त्या पुस्तकांत नसतं. ते असतं फॅमिली डॉक्टरच्या केसपेपरवर, आणि केसपेपर काही वर्षांनी रद्दीत जातात. मी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भोसरीत दवाखाना चालवते. सकाळी फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर कामगार येतात, दुपारी त्यांच्या बायका आणि मुलं येतात. २०२१ पासून त्यांतल्या अनेकांनी एकच प्रश्न विचारला आहे : ‘मॅडम, लस घेतल्यापासून हे असं होतंय. लसीमुळंच असेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढं उत्तर देऊन मला कधी समाधान वाटलं नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात लस आणि लसीनंतरची दुखणी यांची सोबत फार जुनी आहे. ती नीट पाहिली, की या प्रश्नाशी कसं वागायचं ते कळतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, खेड तालुक्यात सरकारी व्हॅक्सिनेटर होते. गावात त्यांना सगळे ‘देवी डॉक्टर’ म्हणत. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही त्यांची गावं. आज तिथे गाड्यांचे कारखाने, गोदामं आणि कंटेनरच्या रांगा आहेत. तेव्हा बाजरी आणि कांद्याची शेतं होती. मामंजी सायकलवरून जात. पिशवीत लसीच्या नळ्या, स्पिरिट, कापूस आणि दातेरी चाकाचं एक छोटं हत्यार असे. दंडावर लसीचा थेंब ठेवून ते चाक दाबून फिरवायचं. नोकरीच्या शेवटच्या काळात त्याऐवजी दुतोंडी सुई आली. लस वासरांच्या कातडीवर वाढवलेली असे. मुंबई इलाख्यासाठी ती बेळगावला तयार होई आणि तिथल्या टिळकवाडीतली ती जागा अजूनही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणूनच ओळखली जाते.

त्याच्याही आधी लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जात असे. भारतात पहिल्यांदा देवीची लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद आणि बसऱ्यामार्गे आलेली लस तिच्या दंडावर रुजली आणि तिच्या फोडातल्या लसीने पुढची मुलं टोचली गेली. त्यासाठी पहिल्या मुलाला आठवड्याने पुन्हा गाठणं भागच होतं. वासराची लस आल्यावर ती गरज संपली, पण आठवड्याने परत जाण्याची पद्धत टिकली. १८७७ मध्ये मुंबई शहरासाठी सक्तीचा कायदा झाला, १८८० मध्ये हिंदुस्थानातल्या काही नगरपालिका आणि छावण्यांसाठी दुसरा. टोचल्यावर काही दिवसांनी मूल तपासणीला दाखवायचं आणि लस लागली असेल तरच दाखला मिळायचा, ही त्यांतली तरतूद होती.

मामंजी आठव्या दिवशी परत जात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोचल्या जागी लाल पुटकुळी येते. आठव्या दिवसापर्यंत तिचा मधे खळी असलेला पाणीदार फोड होतो. मग भोवतीची कातडी लाल होते, मुलाला ताप येतो, काखेत गाठ उठते. तिसऱ्या आठवड्यात खपली पडते आणि जन्मभराचा वण राहतो. हे सगळं मामंजी आईला टोचतानाच सांगत. घरोघर त्या दिवसांचं वागणं ठरलेलं होतं. मूल तापलं असेल तोवर फोडणी द्यायची नाही, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, मुलाला खाजवू द्यायचं नाही. आठव्या दिवशी मामंजी दंड पाहत, वहीत ‘देवी उठल्या’ असं लिहीत, आणि उठल्या नसतील तर पुन्हा टोचत. फोड चिघळलेला दिसला, तर चाकणच्या दवाखान्यात पाठवत.

डॉक्टर झाल्यावर मला त्या वहीचं महत्त्व जास्त कळलं. देवीची लस ही काही सौम्य लस नव्हती. अंगावर इसब असलेल्या मुलाला ती भयंकर बाधू शकत असे, क्वचित मेंदूला सूज येई. तरीही खेड तालुक्यातल्या आयांनी मुलं पुढे केली. देवीचा रोग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, हे एक कारण. टोचणारा माणूस आठ दिवसांनी उंबऱ्यात परत उभा राहणार आहे, हे दुसरं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. रोग गेला तशी ती लसही बंद केली, कारण रोगच नसताना लसीचा धोका पत्करण्याचं कारण उरलं नव्हतं. लसीचे फायदे आणि तोटे एकाच ताजव्यात तोलले जातात, हे वैद्यकशास्त्राने त्या वेळी उघडपणे करून दाखवलं.

प्लेगच्या लसीचा इतिहास इतका सरळ नाही, आणि तो चिंचवडच्या अगदी जवळून गेला आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ तिथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि त्यांनी ते सगळं नोंदवलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. ही लस अंगाला चांगलीच जाणवे. ताप १०२ अंशांपर्यंत चढे, दंड सुजे, आणि एक-दोन दिवस माणूस कामावर जाऊ शकत नसे. गिरणी कामगाराला आणि हमालाला त्याचा अर्थ मजुरी बुडणं असाच होता.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्या हुकमाने सोजिरांनी घरं उघडून झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चिंचवडचे. १८९८ आणि १८९९ मध्ये ते फाशी गेले. चिंचवडगावातला त्यांचा वाडा आणि चापेकर चौक आमच्या रोजच्या वाटेवर आहेत. त्यांचा संताप लसीवर नव्हता, घरात बूट घालून शिरणाऱ्या सत्तेवर होता. पण रोगाच्या नावाखाली माणसाचा मान तुडवला गेला, की त्या सरकारकडून येणाऱ्या औषधाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. प्लेगच्या सुईबद्दल त्या काळी उठलेल्या अफवांचं मूळ मला तिथे दिसतं.

पुढे पंजाबात त्याहून वाईट घडलं. ३० ऑक्टोबर १९०२ ला मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना काम सोडावं लागलं. चौकशीत गावातल्या शिबिरातली एक बाब नोंदलेली होती : बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतरही प्लेगची लस टिकली, कारण कोणती बाटली, कोणती माणसं, कोणता दिवस, हे लिहिलेलं होतं. ते लिहिलेलं नसतं, तर ‘लसीने माणसं मेली’ एवढंच मागे उरलं असतं.

स्वातंत्र्यानंतर पिंपरीचं रूप बदललं ते औषधाच्याच कारखान्याने. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागलं. मग एमआयडीसी आली, गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. हाफकिनचंही एक केंद्र पिंपरीत आहे. तिथे घोडे पाळले जातात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं प्रतिविष मिळवलं जातं. या पट्ट्यातल्या डॉक्टरांना सुईनंतर लांबणाऱ्या दुखण्याची खरी ओळख घोड्याच्या सीरमनेच करून दिली.

मी दवाखाना सुरू केला त्या काळात भोसरी, नेहरूनगर, टेल्को रोडवरच्या लहान वर्कशॉपमध्ये प्रेसवर बोटं सापडणं ही नेहमीची गोष्ट होती. जखम मातीने किंवा ग्रीसने भरलेली असली, की धनुर्वाताच्या भीतीने घोड्याचं एटीएस, म्हणजे धनुर्वातविरोधी सीरम, देण्याची पद्धत आमच्या आधीच्या डॉक्टरांची होती. आधी कातडीत थेंबभर सोडून पाहायचं, ॲड्रेनलीनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचं आणि मगच पूर्ण मात्रा द्यायची. त्यातून सुखरूप उठलेला कामगार आठ-दहा दिवसांनी परत येई. अंगभर गांधी, घोटे आणि मनगटं सुजलेली, ताप, मानेत गाठी. जखम तोवर भरत आलेली असे, म्हणून त्याला या दोन गोष्टींचा संबंध लागत नसे. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १९०५ मध्येच हा सीरमचा आजार वर्णिला होता. परक्या प्राण्याच्या प्रथिनाविरुद्ध शरीर लढायला उभं राहतं, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून त्रास उशिरा येतो. मला शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ फॅमिली डॉक्टरांनी एक सवय लावली. नवीन सांधेदुखी घेऊन माणूस आला, की गेल्या महिन्यात कुठे सुई घेतली होती का, हे विचारायचं. टॉक्सॉइडची लस सर्रास झाली, माणसाच्या रक्तापासूनचं इम्युनोग्लोब्युलिन आलं, तसं घोड्याचं एटीएस मागे पडलं. ती सवय मात्र मी सोडली नाही.

कुत्रा चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शनं आजही इथल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना आठवतात. ती सेम्पल लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. डेव्हिड सेम्पल यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कसौलीत तयार केली. तिने असंख्य माणसांना रेबीजपासून वाचवलं. पण मेंदूच्या ऊतीमुळे क्वचित एखाद्याचं शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे. कोर्स चालू असतानाच किंवा संपल्यावर पायांतलं बळ जाई, लघवी अडके. कुठल्याही डॉक्टरने ते नाकारलं नाही. पाठ्यपुस्तकात ते होतं आणि रुग्णालयांत त्याच्या नोंदी होत्या. म्हणूनच पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस आल्यावर जुनी बंद करण्याचा आग्रह धरता आला आणि २००४ च्या अखेरीस भारतात सेम्पल लसीचं उत्पादन थांबलं. पोलिओच्या थेंबांचंही तसंच झालं. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगातून गेला होता आणि लसीतल्या त्याच प्रकारामुळे फार क्वचित लुळेपणा येत होता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तो प्रकार थेंबांतून काढून टाकला. लसीनंतरच्या त्रासाची नोंद ठेवणारा माणूस लसीचा शत्रू असतो, असं मानणाऱ्यांनी या दोन गोष्टी जरूर लक्षात घ्याव्यात.

लहान मुलांच्या लसीकरणात आमचा हात अजून बराच बसलेला आहे. बीसीजीचा फोड महिन्या-दीड महिन्याने येतो आणि पिकतो. काखेतली गाठ काही महिने राहू शकते. त्रिगुणी लसीनंतर मांडीत राहिलेला वाटाण्याएवढा गोळा आठवडेच्या आठवडे हाताला लागतो. चाकणच्या बांधकामांवर आणि कुदळवाडीच्या भंगार गोदामांजवळ राहणाऱ्या परप्रांतीय बायकाही हे जाणतात, कारण पुढच्या डोसला नर्सताई ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ असं विचारते. मामंजींची आठव्या दिवसाची तपासणी अशा रीतीने, थोड्या वेगळ्या रूपात, लहान मुलांसाठी टिकली. मोठ्या माणसांसाठी ती कुणी बांधलीच नव्हती. मोठ्या माणसांना एकाच वेळी लस द्यायची वेळ येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

ती वेळ आली १६ जानेवारी २०२१ ला, कोविडच्या लसीकरणाने. कोविशिल्डचे पहिले ट्रक चारच दिवस आधी मांजरीहून पुणे विमानतळाकडे निघाले होते. लस आमच्याच जिल्ह्यात बनत होती. १ मार्चपासून ज्येष्ठांना, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढच्यांना, १ मेपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना. ११ एप्रिलपासून कामाच्या जागीही लस देण्याची परवानगी मिळाली आणि पुढे पुरवठा सुधारला तशी चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या कंपन्यांत शिबिरं झाली. दोन डोसांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. दुसऱ्या लाटेचा जोर त्याच एप्रिल-मेमधला. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममधलं जम्बो रुग्णालय, ऑटो क्लस्टर, वायसीएम, सगळीकडे खाटा भरलेल्या. लसीची रांग आणि ऑक्सिजनची रांग एकाच महिन्यात लागली होती. या लसीने माझ्या अनेक रुग्णांचे प्राण वाचवले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. लस घेतलेले म्हातारे पुढच्या लाटेत ताप घेऊन आले आणि गोळ्या घेऊन घरी बरे झाले, हे मी पाहिलं आहे.

आणि त्रासही पाहिला आहे. बहुतेकांचा ताप आणि अंगदुखी एक-दोन दिवसांत संपे. कायम कामगाराला त्याची रजा मिळे. ठेकेदाराकडच्या पोराचा खाडा लागे आणि त्या दिवसाची हजेरी जाई, म्हणून तो पॅरासिटामॉल खाऊन मशिनवर उभा राही. त्यापुढे उरत ते लांबलेल्या तक्रारींचे रुग्ण. एकाचा खांदा तीन महिने वर जात नव्हता. सुई दंडाच्या स्नायूत न बसता फार वर, सांध्याजवळ गेली होती. व्यायामाने आणि औषधाने तो बरा झाला. बायका पाळीबद्दल विचारत, तेही केबिनचं दार लावून घेतल्यावर. पाळी लांबली, जास्त गेली, गर्भ राहायला अडचण येईल का? अमेरिकेत हजारो स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की लसीनंतर चक्र सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबतं आणि पुन्हा मूळपदावर येतं. माझ्या रुग्णांना ते उत्तर वर्षभर उशिरा मिळालं, कारण लसीच्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल विचारण्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

थकवा, धडधड, पायांत मुंग्या, कानात सतत आवाज, झोप उडणं, या तक्रारी सर्वांत कठीण. इथे आम्हा डॉक्टरांमध्येच तीन मतं पडली. रविवारच्या बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे म्हणत, की हे सगळं मनाचं आहे, लसीशी संबंध नाही, आणि संबंध आहे असं म्हणाल तर लोक दुसरा डोस घेणार नाहीत. दुसरे काही जण उलट टोकाला गेले. मधुमेह निघाला, केस गळले, मणक्यात सणक आली, सगळं लसीच्या माथी. तिसरा गट बोलका नव्हता. तो तपासत होता आणि लिहीत होता. मी त्या गटातली.

पहिल्या मतात काही तथ्य आहे. लसीच्या चाचण्यांत लसीऐवजी मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांचा २०२२ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. पहिल्या सुईनंतर त्यांतल्याही सुमारे ३५ टक्के लोकांना डोकेदुखी, थकवा असे त्रास झाले होते. भीती शरीरातून बोलते. पण ‘मनाचं आहे’ हे निदान सगळ्या तपासण्या संपल्यावर करायचं असतं. दारातच ऐकवलं, की रुग्ण दार ओलांडून परत येत नाही. दुसऱ्या मताचीही बाजू समजून घ्यायला हवी. तीन शिफ्टमध्ये राबणारा, जेवणाच्या वेळा न सांभाळणारा कामगार वर्षानुवर्षं रक्त तपासत नाही. लसीनंतर थकवा आला म्हणून पहिल्यांदाच तपासतो आणि साखर सापडते. साखर आधीपासून होती, तारीख मात्र लसीची लागली. कुणाचं बी-१२ कमी निघालं, कुणाचं थायरॉइड, एकाचा क्षय निघाला. काहींना लसीच्या आगेमागे कोविड होऊन गेला होता आणि मागे राहिलेला थकवा रोगाचा होता. हे सगळं वजा केल्यावरही मोजके रुग्ण उरले, ज्यांची तक्रार खरी होती, लसीनंतर लगेच सुरू झाली होती आणि जिचं दुसरं कारण मला सापडलं नाही. त्यांच्या केसपेपरवर मी ‘लसीशी संबंध शक्य, निश्चित नाही’ असं लिहिलं. आजही त्यांतल्या काहींना तेवढंच सांगते. येल विद्यापीठातले अकिको इवासाकी आणि हार्लन क्रुमहोल्झ अशाच रुग्णांचा अभ्यास करत आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी ४२ रुग्णांच्या रक्तातले काही फरक मांडले आणि अभ्यास लहान आहे, यावरून कारण सिद्ध होत नाही, हेही स्वतःच सांगितलं. मला ही भाषा योग्य वाटते.

सरकारी व्यवस्था नव्हती असं नाही. लसीनंतरच्या प्रतिकूल घटनांची राष्ट्रीय समिती २०२१ मध्ये काम करत होती. १७ मे रोजी तिचा निष्कर्ष जाहीर झाला : ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांत कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांच्या २६ शक्यता आढळल्या, दहा लाख डोसांमागे ०.६१ इतकं प्रमाण. वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, सतत डोकेदुखी, कातडीवर लाल ठिपके दिसले तर लगेच दाखवा, असंही सांगितलं होतं. ही माहिती चाकणच्या प्रत्येक शिबिराच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत हवी होती. ती तशी पोचली नाही. त्याची किंमत आम्ही २०२४ च्या मेमध्ये मोजली. ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात हा दुर्मीळ परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली धडधाकट माणसं गुठळ्यांच्या तपासण्या करून घ्यायला धावली. तो धोका पहिल्या काही आठवड्यांपुरता होता, हे मी प्रत्येकाला कागदावर लिहून दिलं.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचीही भीती होतीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृत्यूंची २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना करून नोव्हेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. लसीने असा धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात अचानक मृत्यू, अति मद्यपान, अचानक केलेला अति व्यायाम. हा अहवाल माझ्या टेबलावर ठेवलेला असतो, आणि मी तो रुग्णांना वाचून दाखवते.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, हा त्याचा भाग सगळ्यांना माहीत झाला. दुसरा भाग आम्हा डॉक्टरांसाठी होता : लसीनंतरच्या संशयित त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरलाही करता यावी, आणि ती लोकांना पाहता यावी, अशी सोय केंद्राने करावी. फॅमिली डॉक्टरच्या केसपेपरला सर्वोच्च न्यायालयाने देशाच्या नोंदवहीत जागा दिली, असा मी त्याचा अर्थ घेते. आमच्या पट्ट्यातल्या दवाखान्यांनी ती जागा अजून घेतलेली नाही. कारणं मला कळतात. गर्दी असते, फॉर्म लांब असतो, उत्तर येत नाही, आणि लसीविरोधी म्हणून नाव पडायची भीती असते.

या पट्ट्यातल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरने लसीची एक वेगळी वही ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. रुग्णाचं वय, लसीचं नाव, बॅच, तारीख, दंड कोणता, आधीचे आजार, त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि कोणत्या दिवशी थांबला. आठव्या दिवशी एक फोन करावा, महिन्याने एक, आणि तक्रार उरली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. महापालिकेच्या आणि खेड तालुक्याच्या आरोग्य विभागाने दर तिमाहीला या नोंदी मागवाव्यात, त्यांतल्या लसीशी जुळणाऱ्या किती, योगायोगाच्या किती आणि ज्यांचा निकाल लागत नाही अशा किती, ते डॉक्टरांना परत कळवावं.

हे आजच करायला हवं, कारण पुढच्या लसी दारात आल्या आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची आपल्या देशातली लस पुण्यातच तयार होते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या आया माझ्याकडे चौकशीला येतात. त्यांतल्या काही जणी २०२१ मध्ये पाळीची तक्रार घेऊन आल्या होत्या. ज्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकून, तपासून, लिहून घेतलं होतं, त्या एक-दोन प्रश्न विचारतात आणि तारीख ठरवून जातात. ज्यांना ‘काही नाही हो, मनाचं आहे’ असं सांगून वाटेला लावलं गेलं, त्या आज मुलीच्या लसीला नकार देतात. त्यांचा नकार अडाणीपणातून आलेला नाही; त्यांनी एकदा विश्वास ठेवून पाहिला होता. आईची तक्रार खरी मानून तपासणं, हेच मुलीच्या लसीचं पहिलं काम आहे, आणि ते फॅमिली डॉक्टरनेच करायचं आहे.